वाळलेला प्रोब

मुलगा कोथरूडहून खराडीला राहायला गेला तेव्हा सगळे म्हणाले, गावातच तर आहे. असं म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी सहाला कोथरूडहून खराडीला जाऊन दाखवावं. तिथला घरमालक माशांची टाकी ठेवू देईना, म्हणून ती माझ्याच हॉलमध्ये राहिली. यजमान जाऊन सहा वर्षं झालेली. घरात हलणारं असं काय ते त्या टाकीतच होतं.

टाकीत एक प्रोब असतो. पेनाएवढी कांडी, टोकाला काचेचा बारीक फुगा. पाणी आम्लाकडे झुकतंय का, ते त्याच्या मीटरवर दिसतं. महिन्यातून एकदा तो तपासावा लागतो आणि हे काम मुलगा स्वतः करी. दोन वाट्यांत आकडा आधीच ठाऊक असलेली दोन द्रावणं ओतायची, एक सातचं, एक चारचं. प्रोब आधी सातच्यात बुडवायचा, आकडा ठरला की बटण दाबायचं, मग धुऊन टिपकागदाने नुसता टिपायचा आणि चारच्यात. या सगळ्याला वीस मिनिटं. मग चहा घेऊन तो निघे. प्रोब धडधाकट असला की आकडा चटकन ठरतो. माझ्या दृष्टीने त्याचा दोष काय तो हाच.

प्रोब कोरडा ठेवायचा नाही, फुगा वाळला की मेला, हे त्याने मला दहादा सांगितलं होतं. मी चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. मला एकदा सांगितलेलं कळतं. त्यामुळे पुढे जे केलं ते न कळून केलं, असं म्हणायची सोय नाही.

सलग दोन महिने 'पुढच्या रविवारी नक्की' झालं. मग एका मंगळवारी मी प्रोब पाण्यातून काढला, जुन्या पंचाच्या फडक्याने खसखसून पुसला आणि पापड ठेवावा तसा खिडकीत उन्हात ठेवला. चार दिवसांनी परत टाकीत सोडला आणि फोन केला, "अरे, आकडा भलताच दाखवतोय." माशांना काहीच झालेलं नव्हतं. रविवारी सकाळी दहाला तो दारात हजर.

"आई, हा वाळला कसा?"

"स्वच्छ पुसून ठेवला होता रे. शेवाळ धरलं होतं."

"तू ना, सगळंच पुसतेस," म्हणून तो हसला. मला लाज वाटली, पण आनंद त्याहून जास्त झाला.

"भिजत घालून बघू. तीन-चार तासांत सुधारला तर सुधारला."

तीन-चार तास! मी लगेच भरली वांगी करायला घेतली. तो पोटभर जेवला, सोफ्यावर आडवा झाला आणि तोंड उघडं टाकून घोरू लागला. मी समोर पेपर धरून बसले. एक ओळ वाचली असेल तर शपथ.

चारला उठून त्याने वाट्या मांडल्या. सातच्या द्रावणात आकडा रेंगाळत कसाबसा सहा पूर्णांक आठवर गेला. चारच्यात साडेपाचावर अडला तो अडलाच. दहा मिनिटं वाट बघून तो म्हणाला, "संपला, आई. नवाच घेऊ." आणि बसल्या जागी मोबाइलवरून मागवला.

नवा आठवड्याभरात आला. तो बसवायला मुलगा आला खरा, पण उभ्या उभ्याच. हा वायफायवर चालतो, आकडा थेट त्याच्या फोनवर जातो. तपासणी कशी करायची, तेही त्याने मला कागदावर लिहून दिलं. "आता तुला काळजी नको, आणि मलाही सारखं यायला नको." अगदी प्रेमाने म्हणाला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. बोलणार कोणाला?

त्यानंतर चार महिने तो आलेला नाही. तपासणी मीच करते, आणि त्याच्यापेक्षा नीट करते.

गेल्या बुधवारी दुपारी टाकीसमोर बसले होते. दिवसभरात तोंडातून एक शब्द निघाला नव्हता. उठले, प्रोब पाण्यातून बाहेर काढला आणि हातात धरून उभी राहिले. दोन मिनिटांत फोन वाजला.

"आई, काय झालं? टाकी फुटली का?"

"नाही रे. मला करमत नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दबक्या आवाजात तो म्हणाला, "आई, मी मीटिंगमध्ये आहे. आधी तो पाण्यात ठेव, वाळेल."

मी ठेवला.