दोन मिनिटं चालू राहू दे

मामा गाडी कधीच लगेच बंद करत नसत. फेरी मारून आले, गॅरेजच्या दारात गाडी लावली, तरी इंजिन दोन मिनिटं चालूच ठेवायचे आणि स्टीअरिंगवर हात ठेवून गप्प बसायचे. शेजारच्याला वाटायचं, म्हातारा काहीतरी आठवत बसलाय. कारण साधं होतं. टर्बो तापलेला असतो, एकदम किल्ली फिरवली तर आतलं तेल जागच्या जागी जळतं. मामा म्हणायचे, "पळून आलेल्या माणसाला लगेच झोपवता का साहेब? बसू द्या की जरा."

अंबडच्या कारखान्यांच्या गर्दीत, एका पावडर कोटिंगच्या शेडमागे त्यांचं गॅरेज होतं. तिथं येणारे सगळेच त्यांना मामा म्हणत. साध्या पेट्रोल गाडीला बाहेरून टर्बो बसवून द्यायचा, हे त्यांचं काम. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. गाडी मग आपल्या वयाला न शोभेल अशी पळते. मलाही तेच हवं होतं बहुतेक. पंचेचाळिशी उलटलेली, सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज, आणि चैन म्हणून एक जुनी, दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार. बायको म्हणाली, "दमलेल्या माणसानं झोपावं. हे काय नवीन काढलंत?" तिचं बरोबर होतं, तरी मी गाडी मामांकडे घेऊन गेलो.

टर्बोचं किट बसवायला सोळा दिवस लागले. पेटीतून आलेलं काहीच जसंच्या तसं बसत नाही, हे मामांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. सांध्यात घालायचे गॅस्केट ते स्वतः कापायचे. पिचकारीतला चिकट सीलंट लावणाऱ्या फिटरचा त्यांना मनापासून राग. त्याचा एक तुकडा सुटून तेलाच्या नळीत अडकला, की टर्बो उपाशी मरतो. इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी त्यांनी टर्बोच्या तोंडात स्वतःच्या हातानं तेल ओतलं, प्लग काढून इंजिन नुसतंच फिरवलं आणि तेलाचा दाब दाखवणारा काटा वर आल्यावरच प्लग परत बसवले. "आधी तेल, मग आग," ते म्हणाले. माझ्या कारखान्यात हे कुणी पाळलं असतं तर माझे अर्धे केस काळे राहिले असते.

त्यानंतरचे हजार किलोमीटर पाय जपून चालवायचं होतं. हायवेवर न्यायची नाही, हा त्यांचा दंडक. "तिथं तुमचा पाय तुमचं ऐकायचा नाय." म्हणून दर रविवारी आम्ही सायखेड्यावरून निफाडला जायचो आणि परत यायचो. सायखेडा मामांचं गाव. स्पोर्ट्स कार घेऊन मी द्राक्षांच्या क्रेटनी भरलेल्या पिकअपमागे रांगत असायचो. एकदा दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल आम्हाला ओलांडून गेली, तेव्हा मामा तासभर हसत होते. मला हसायचंही त्राण नव्हतं, शनिवारची पाळी करून आलो होतो.

दर रविवारी लॅपटॉपवर ते हवेचा दाब थोडा वाढवायचे. पण लॅपटॉपवर त्यांचा भरवसा अर्धाच. उरलेला अर्धा एका तांब्याच्या नळीवर. तिचं एक टोक ठोकून चपटं केलेलं, ते इंजिनाला बोल्टनं आवळायचं. दुसऱ्या टोकाची रबरी नळी आत घेऊन कानाला लावायची. दाब जास्त झाला की इंजिनात बारीक नॉकिंग सुरू होतं, पत्र्याच्या डब्यात वाळू हलवल्यासारखं. तो आवाज वेळेत ऐकला नाही तर पिस्टन फुटतो. मामा डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "गोड चाललंय."

शेवटच्या रविवारी दाब पूर्ण वाढवला. निफाडच्या अलीकडे रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस आहे, आवाज त्यावर आपटून खिडकीतून परत येतो. मी पाय दाबला आणि वाळू ऐकली. मामा नळी कानाला लावून म्हणाले, "गोड चाललंय."

मी पाय काढला. त्यांनी का म्हणून विचारलं. "दमलो मामा," मी म्हणालो. खोटं मला पटकन सुचतं, त्यातही हे तर निम्मं खरं होतं. त्यांनी परत दाबायला सांगितलं. परत वाळू, परत मी पाय काढला. या वेळी त्यांनी नळी माझ्या हातात दिली. "उतरा. मी चालवतो, तुम्ही ऐका."

मी ऐकलं आणि वाळू आहे म्हणून मान हलवली. त्यांनी गाडी बाजूला घेतली, लॅपटॉपवर दाब खाली आणला आणि इंजिन चालू ठेवून बसून राहिले. दोनाची दहा मिनिटं झाली असतील. "ऐकणं कधीपासून जात असंल, कळलंच नाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "याच्या आधीच्या गाड्या?"

माझ्या डोक्यात तोवर फक्त माझा पिस्टन होता. याची लाज मला आजही वाटते.

गेल्या वर्षभरात टर्बो बसवलेल्या नऊ गाड्यांच्या मालकांना त्यांनी फोन केले. "गाडी घेऊन या. माझं चुकलं असंल." फोनवर बोलताना पलीकडचं नीट ऐकू येत नसे, म्हणून तेच एक वाक्य दोनदा बोलून ठेवून द्यायचे. नंतर डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. "त्यात माणूस ऐकू येतो, इंजिन नाय." म्हणून कान माझे. आणखी नऊ रविवार गेले. मी थकून जायचो, चिडायचो, घरी बोलणी खायचो, पण जायचो. दोन गाड्यांमध्ये वाळू सापडली. त्या दोन्ही दिवशी मामा जेवले नाहीत.

नववी गाडी झाली की गॅरेज बंद करून सायखेड्याला बहिणीकडे राहायला जायचं, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. नवव्या गाडीच्या दिवशी चालवत तेच होते. उसाच्या रस्त्यावर त्यांनी पाय पूर्ण दाबला. मी नळी कानाला लावून शेवटपर्यंत ऐकलं.

"गोड चाललंय, मामा."

त्यांना नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोललो. ते वळले. "खरं सांगताय ना? का परत दमलात?"

"दमलोय. पण खरं सांगतोय."

गॅरेजच्या दारात त्यांनी गाडी लावली, बोनेटवर तळहात ठेवून इंजिन चालू असल्याची खात्री करून घेतली आणि परत आत येऊन बसले. दोन मिनिटं इंजिन चालू राहू दिलं. मग त्यांनी किल्ली फिरवली आणि विचारलं, "झालं का बंद?"