जपून ठेवा

नाण्यांच्या प्रदर्शनांना मी गेली वीस-बावीस वर्षं हिंडतोय. पुणं झालं, मुंबई झाली, नागपूर, हैदराबाद झालं. मालाची बॅग मांडीवर घेऊन प्रवास करायचा, लघवीला जातानाही ती बरोबर न्यायची, हे सगळं अंगवळणी पडलं. पण सगळ्यात डोकं उठवणारं प्रदर्शन कुठलं म्हणाल, तर घराजवळचं. माझं दुकान बारामतीत, आणि इंदापूरच्या मंगल कार्यालयात टेबल मांडलं की मला ताप यायचाच काय तो बाकी राहतो.

परगावी लोक नाणी बघायला येतात, इथे मला दाखवायला येतात. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ सोडलाय, की ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचाची नोट लाखाला जाते. झालं! अख्ख्या तालुक्यानं कपाटं उपसली. टेबलाला मी एकटा, समोर ही रांग, आणि प्रत्येकाच्या हातात तोच ट्रॅक्टर. "याचे पाचच येतील" म्हटलं, की "तुमाला कळत तरी न्हाय, न्हायतर तुमी लुटाय बसलाय" हे ठरलेलं. ज्यांच्याकडे खरोखर जुनं नाणं असतं, ते चिंचेनं घासून लखलखीत करून आणतात, पाहुण्यांकडे न्यायच्या पोराचं तोंड धुवावं तसं. शंभर वर्षांचा रंग गेला की मोलही गेलं, हे सांगून सांगून माझा घसा बसला.

म्हणून मी एक युक्ती काढली होती. वस्तू उलटीसुलटी करायची, भिंग लावायचं, भुवया जरा उंचवायच्या आणि म्हणायचं, "जपून ठेवा." माणूस खूश होतो, रांग पुढे सरकते. धंद्यातले आम्ही सगळेच हे म्हणतो. जपून ठेवायला कुणाचं काय जातं, असं मला वाटायचं.

यंदा इंदापुरात दुपारच्या गर्दीत पळसदेवचे एक तात्या समोर आले. सत्तरीचे असतील. डोक्यावर धुवट टोपी. त्यांनी फडक्याची पुरचुंडी सोडली. आत मूठभर तांदूळ आणि तांदळात पिवळं नाणं, त्यावर रामदरबार, पाठीमागे मारुती. असलं नाणं खरं असेल तर तांदूळ आपोआप ओढून घेतं, अशी एक समजूत आहे. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला आणि भिंग उचललं.

"बगू नका, सायेब. तुमी बगितलंय," तात्या म्हणाले. "सात वर्सांमागं, बारामतीला. तुमीच म्हनला व्हता, जपून ठेवा."

"मग ठेवलंत ना?" मी वैतागून म्हणालो. मागची रांग दारापर्यंत गेली होती.

"ठेवलं की. वाटनीत बी ह्येच घ्येतलं. धाकल्या भावाला इहिरीकडचा तुकडा दिला, मी माळाकडचा घ्येतला आन वर ह्ये. म्हनलं, इहीर आटंल, ह्ये काय आटत न्हाय. आता मोडायचं म्हनतोय. माळावर बोर घ्यायचंय."

आधी मला त्यांचाच राग आला. दोन शब्दांवर कुणी विहीर सोडतं का? आणखी कुणाला दाखवायचं, पुन्हा येऊन विचारायचं, सात वर्षं काय केलं? मग स्वतःचा राग आला, आणि तो काही जाईना.

"तात्या, हे नाणं नाही," मी म्हणालो. "पितळ आहे. देवळाबाहेरच्या दुकानात असली ढिगानं मिळतात. तेव्हा तुम्हाला वाटेला लावायला मी तसं बोललो. चुकलं माझं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. टेबलावर सांडलेले तांदूळ त्यांनी एकेक करून फडक्यात गोळा केले. मग दाराकडे बघत हळूच म्हणाले, "धाकला आलाय संगं. त्याच्याच मोटारसायकलवर आलोय. त्यानं इचारलं, तर तुमी मागं म्हनला तसंच म्हना."

"अहो, पण खोटं कशाला?"

"त्येला कळलं तर निम्मी इहीर देतो म्हनंल. मग जलमभर त्येचं उपकार. मला न्हाय पायजे."

तेवढ्यात धाकटा आलाच, चपला दाराबाहेर काढून, देवळात यावं तसा. "काय म्हनले सायेब, दादा?"

तात्या माझ्याकडे बघत राहिले. मी भिंग लावलं, भुवया उंचवल्या. "जपून ठेवा म्हणालो," मी सांगितलं. "विकायची घाई करू नका."

धाकट्याचा चेहराच पालटला. "बरं झालं बगा! इहीर ह्यानं लाटली म्हनून गावात लई बोलत्यात मला. मला बी आतून टोचायचं. आता सांगतो समद्यास्नी, दादाकडं काय हाय त्ये." मग त्याला आठवलं. "आन बोर रं, दादा?"

"बगू फुडं," तात्या म्हणाले. त्यांनी पुरचुंडीला घट्ट गाठ मारली, टोपी सारखी केली आणि भावाच्या मागोमाग निघून गेले.

मी भिंग पुसत बसलो. त्या म्हाताऱ्याच्या ताठ्याचा मला संताप आला होता, आणि माझ्या जिभेचा त्याहून जास्त. एवढ्यात रांगेतल्या पुढच्यानं टेबलावर नोट ठेवली. ट्रॅक्टर.

"सायेब, जरा बगा की."

शब्द ओठावर आले होते. ते गिळून मी खेकसलो, "पाच रुपये! बाहेरच्या टपरीवर जा आणि बिस्किटाचा पुडा घ्या."

तो मला शिवी हासडून गेला. मी ती मुकाट्यानं घेतली. त्या दिवशी कुणीतरी ती द्यायलाच हवी होती.