घड्याळांच्या सेलवर काढलेला फोटो

वारंगा फाट्यावर काळीपिवळी जीपमध्ये मला कोंबलं, तेव्हाही कॅमेऱ्याची पिशवी मी छातीशी घट्ट धरली होती. नवाकोरा डिजिटल कॅमेरा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा! मैत्रीण कविता म्हणाली होती, "आमच्या तांड्यावर ये. याडी लग्नातला पोशाख शेवटचा घालणार आहे. आता तिला त्याचं वजन पेलत नाही." याडी म्हणजे आई, पण कविताच्या आजीला अख्खा तांडाच याडी म्हणतो. मतदान कार्डावरचा सोडला तर तिचा एकही फोटो नव्हता.

पोचताच भाकरी, ठेचा आणि घट्ट दही समोर आलं. याडी आत सजायला बसली. फेटिया (भरतकामाचा घेरदार घागरा), कांचळी (आरशांची चोळी), दंडापर्यंत बांगड्या. दोन्ही सुना घामाघूम! तोवर मी बाहेर शेळ्यांचे, बायकांचे, बाभळींचे फोटो काढत सुटले. प्रत्येक फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघायला झुंबड.

"मला दाव की! माझं नाक आसं हाय व्हय?"

हुरळली मेंढी लागली लांडग्यापाठी, तशी मी दाखवतच राहिले.

शेवटी याडी दारात आली. उन्हात सगळे आरसे एकदम लखलखले, मी कॅमेरा उचलला, आणि नेमकी कॅमेऱ्याने मान टाकली. जास्तीचे सेलही संपलेले. चार्जर होता, पण लोडशेडिंग! दुकान थेट फाट्यावर. मला रडूच यायला लागलं.

"काहून थांबली गं? लई जड हाय हे."

"याडी, सेल संपले."

"सेल? मंग घड्याळं काढा की रे!"

घराघरांतली भिंतीवरची घड्याळं अंगणात आली. त्यांचे सेल घातले की भिंग जेमतेम बाहेर यायचं आणि लगेच आत जायचं. दर वेळी सगळे हसायचे, मीही. मग शेजारचे धावजीकाका ओरडले, "माझा घाल! परवाच टाकला, बराबर चालंल." दुसरा सेल त्यांच्या नव्या सुनेने आहेरातल्या घड्याळातून काढून दिला.

मी फ्लॅश बंद केला, पडदाही बंद केला आणि कॅमेऱ्याच्या वरच्या बारक्या खिडकीला डोळा लावला.

"कुणी बी बघाया मागू नगा!" याडीने दम भरला आणि स्वतःच खुदकन हसली. तेवढ्यात मी बटण दाबलं. कॅमेरा पुन्हा गेला.

सेल घड्याळांत परतले, पण वाजले किती यावर तांड्यात एकमत होईना. त्या गोंधळात माझी एसटी चुकली. ट्रॅक्टरवर हिंदकळत फाटा गाठला, वाटभर एकटीच हसत.

आता मी भरपूर सेल नेते आणि पडदा बंद ठेवते. त्या दिवशी मात्र घरी येऊन पाहिलं, तर फोटो आला होता! आनंदाने मी खोलीभर नाचले. मोठा करून तो कविताबरोबर पाठवला. याडीने तो दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहिला, म्हणे.

"ओळखलंस का?" कविताने विचारलं.

"वळखीन न्हाई व्हय? ही माझी याडी. पर ती जाऊन किती वर्सं झाली, तिचा फोटू त्या पोरीला कुटं घावला?"