काकींची इर्जिक

बहात्तरच्या दुष्काळानंतर पाऊस झाला आणि तिसगावच्या शिवारात एकच धांदल उडाली. जमिनीला वापसा आला होता, पेरणीजोगी ओल धरली होती. दोन दिवसांत पेरलं नाही तर ओल उडून जाणार. आमच्या गल्लीतल्या काकींचं रान मात्र तसंच पडून होतं. नवरा वारलेला, बैल दुष्काळात विकलेले.

माझे सासरे रोज देवळात पोथी वाचायचे. फळाची आशा न धरता कर्म करावं, हे त्यांना तोंडपाठ. घरात मात्र पाण्याचा तांब्याही आम्हीच हातात द्यायचा. पण त्या संध्याकाळी त्यांनी पारावर काकींचं नाव काढून जाहीर केलं, "उद्या तिच्या रानात इर्जिक घालू." इर्जिक म्हणजे सगळ्यांनी आपापले बैल-औत घेऊन एकाच्या शेतात राबायचं, मजुरी घ्यायची नाही. मालकानं फक्त जेवू घालायचं.

काकी साफ नाही म्हणाल्या. बियाण्यापलीकडे घरात दाणा नव्हता. भाकरी आमची आम्ही आणतो म्हटलं, तर म्हणाल्या, "मग ती भीकच की."

मी जात्याच भांडकुदळ. तडक त्यांच्या दारात गेले.

"काकी, दुष्काळात सगळी गल्ली तुमच्या आडावर पानी भरत हुती. तुमी कुनाकडून काय घेतलं?"

"पानी काय माजं हुतं? देवाचं हुतं."

"मग आमचे हात काय आमच्या बापाचे हायेत?"

काकींनी पदर खोचला. मग "लई तोंड हाय तुला," असं पुटपुटत बियाण्याचं मडकं काढायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचं रान बैलांनी भरून गेलं. पेरायच्या पाभरीच्या चाड्यात, म्हणजे वरच्या लाकडी वाटीत, बी मी सोडत होते. विधवेनं चाड्याला हात लावायचा नाही, स्वतःच्या रानातसुद्धा नाही, अशी रीत. काकी बांधावर उभ्या राहून सगळ्यांना पाणी देत होत्या. दिवस मावळायच्या आत बांधालगतचं शेवटचं तास पेरून झालं आणि गड्यांनी एकच गलका केला. मला तर नाचावंसं वाटलं.

काकी बांधावरून खाली उतरल्या.

"उद्या कुनाचं रान हाय? चाड्यावर मी येते."

 म्हातारी माणसं सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहू लागली.

"आमचं!" मीच ओरडले.

सासऱ्यांनी माझ्याकडे डोळे वटारले, मग काकींकडे वळून म्हणाले, "लवकर ये. वापसा कुनासाठी थांबत न्हाई."