बंब आणि नवा जावई

पहिल्या दिवाळसणाला राजूरला सासुरवाडीला गेल्तो आणि कामाचा जावई दिसावं म्हणून न्हाणीतला बंब पाणी न भरताच पेटवला. सांध्याचं शिसं वितळून सांधाच सुटला. निजामी जमान्यात तांब्याचा बंब म्हणजे घराची इज्जत, त्यात पहाटे साऱ्यांचं अभ्यंगस्नान! बाजारातून एका अनोळखी तांबटाला ओढून आणलं.

त्यानं बंबाला कान लावून बोटाच्या पेरानं टकटक केलं.

“पाणी होतं का आत?”

मी अंगणातल्या तुळशीकडं पाहिलं. तो मिशीत हसला.

सांधा जोडून त्यानं बंब काठोकाठ भरला. थेंब गळेना. माझा जीव भांड्यात पडला.

“मालक,” तो सासऱ्यांना म्हणाला, “सांधा जुना झाल्ता. कुणाचा कसूर न्हाई.”

चुलीपुढून सासूबाई म्हणाल्या, “बाबा, सांधा जुना न्हाई. जावई नवा हाय!”