परत आलेला आकडा

नातीच्या प्रोग्रामने संगणकाला एक आज्ञा दिली आणि उत्तरादाखल पडद्यावर नुसता "१" उमटला. "आजोबा, शून्य आलं की काम फत्ते. दुसरं काहीही आलं की कुठेतरी फसलंय," ती मला समजावू लागली. मी, जन्मभर प्रोग्राम लिहिलेला माणूस, त्या आकड्याकडे बघवेना म्हणून उठलो.

मी नोकरीत होतो तेव्हा आमच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितांच्या नोंदींची जादा प्रत रोज संध्याकाळी चुंबकीय टेपवर उतरवायची आज्ञा माझाच प्रोग्राम द्यायचा. परत येणारा आकडा मी त्यात तपासलाच नव्हता. आज्ञा संपली, की तो "प्रत झाली" असं छापून मोकळा. टेप भरून गेली, आज्ञा महिनोन्महिने फसत राहिली, तरी "प्रत झाली" छापून येतच होतं. एके दिवशी डिस्क बिघडली आणि सगळ्या नोंदी गेल्या.

ठपका टेप लावणाऱ्या कुसुमताईंवर आला. "साहेब, तुम्ही तरी सांगा हो. रोज प्रत झाली असंच यायचं!" मला कारण कळलं होतं. मी गप्प राहिलो आणि त्यांची नोकरी गेली. चूक त्यांची नव्हती, माझी होती.

काल त्यांच्या घरी जाऊन हे सगळं सांगितलं. त्या आता कुणाला ओळखत नाहीत. हात धरून पुन्हा सांगितलं. त्या हसल्या, खिडकीबाहेर बघू लागल्या.

त्यांच्या सुनेने दारातून विचारलं, "झालं का काका सांगून?"

ओठांवर आलेलं "झालं" या वेळी मी गिळलं. कुसुमताईंच्या चेहऱ्याकडे बघत बसून राहिलो.