नरक्याचा पीळ

सन दोन हजार तेवीस. मी बहात्तर वर्षांचा होतो आणि बायकोच्या आतड्यात कॅन्सर निघाला होता. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण कुणी सांगितलं आणि मी मुकाट ऐकलं असं आमच्या अख्ख्या कापडे गावात कुणी म्हणणार नाही.

मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सलाईनमधून जे औषध देणार ते नरक्याच्या झाडातल्या अर्कापासून बनवतात. नरक्या! आमच्याच डोंगरातलं झाड. तोडलं की अशी घाण सुटते की नावच तसं पडलं. मी म्हटलं, मग मुंबईला खेपा कशाला? गावी येऊन कोयता उचलला, साल काढून आणली आणि पातेलं चुलीवर चढवलं. हिने नाकाला पदर लावला. डॉक्टरणीला विचारल्याबिगर थेंब घेणार नाही म्हणाली, आणि सरळ फोन लावला.

बाई माझ्यावर चांगल्याच तापल्या. तो काढा म्हणजे विष, माणूस जाईल. त्यातलं नेमकं तेवढंच काढून, बदलून, मोजून देतात. मग शांतपणे सांगितलं. पेशीच्या आत पिळलेला धागा असतो. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर धाग्याला चीर पाडून पीळ सैल करावा लागतो, मग चीर सांधावी लागते. औषध ती सांधू देत नाही. कॅन्सरची पेशी वाढायला जाते आणि तिथंच तुटून मरते.

जन्मभर दोर वळलेत मी. मला चट्‌दिशी कळलं.

ही मात्र हसायला लागली. "बाई, यापेक्षा मोठा पीळ आमच्या घरात बसलाय. त्याच्यावर हाय का काय औषध?"

फोनमधून बाईसुद्धा हसल्या. मी पातेलं नेऊन खड्ड्यात ओतलं, वर माती लोटली.

"चल गो मुंबईला," मी म्हटलं. "पण झाड आपल्या डोंगरातलं, येवढं ध्यानात ठेव."

खेपा सुरू झाल्या. केस गेले, जुलाबांनी ती पार गळाली. आता पुरे, म्हणायची. मी ऐकलं नाही. माझा हट्ट कधी नव्हे तो कामी आला. गाठ आकसली, मग कापून काढली. पुढं एका तपासणीत बाई म्हणाल्या, आता कुठं काही दिसत नाही, दाखवायला मात्र येत राहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोलादपूरच्या बाजारात गेलो. तिच्या डोक्यावर कोवळे केस आले होते. पदर तिनंच मागं टाकला. जन्मभर रस्त्यानं मी पुढं, ती मागं. त्या सकाळी तिला पुढं घातलं, आणि ओळखीचा जो दिसेल त्याला हाक मारून थांबवलं.